तसबीर मढवणे

चित्र, छायाचित्र, प्रमाणपत्र किंवा आठवणीची एखादी वस्तू काच, पुठ्ठा आणि पट्टीच्या चौकटीत बसवून भिंतीवर लावण्याजोगी करण्याचे काम. महाराष्ट्रातल्या गावांत आणि शहरांच्या पेठांमध्ये ते बहुधा काचेच्या दुकानातच होते. खिडकीची फुटलेली काच, न्हाणीघरातला आरसा, दत्ताची तसबीर आणि मुलीचे पदवीपत्र एकाच टेबलावर येतात. लोक या कामाकडे सजावट म्हणून पाहतात आणि दुकानात शिरल्याबरोबर पट्टीचा रंग निवडायला लागतात. पण घरातले जे कागद कोणतेही संग्रहालय सांभाळणार नाही, ते दोन पिढ्या टिकणार की दहा वर्षांत पिवळे पडणार, हे याच टेबलावर ठरते. त्यात दर्शनी बाजूपेक्षा मागच्या बाजूचा वाटा मोठा असतो.

छापील चित्र मढवून भिंतीला लावण्याची चाल महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली आणि देवादिकांची व पेशवाईतल्या पुरुषांची शिळाछापाची चित्रे सामान्य घरांच्या आवाक्यात आणली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती माजघरापर्यंत पोहोचल्या. काही घरांतल्या या चित्रांवर जर, टिकल्या आणि कापडाचे तुकडे चिकटवून देवीला लुगडे नेसवलेले आढळते. अशा उंचवट्याच्या कामामुळे काच चित्रापासून दूर ठेवावी लागे, म्हणून त्या चौकटी खोल असत. चित्रांच्या व्यापाराशी मढवण्याचा धंदा किती जवळचा होता, हे ब्रजबासी या पेढीवरून दिसते. देवचित्रांसाठी देशभर माहीत झालेली ही पेढी मुळात कराचीतले चौकटींचे दुकान होती. १९२० च्या दशकात तिने जर्मनीतून चित्रे छापून आणायला सुरुवात केली. पुढे रघुवीर मुळगावकरांच्या कॅलेंडरांचा काळ आला. वर्ष संपले की तारखांचा भाग कापून वरचा देव मढवायला देणे ही घरोघरची रीत झाली.

जुन्या वाड्यांत तसबिरी आजच्यासारख्या भिंतीला चिकटून नसत. भिंतीच्या वरच्या अंगाला लाकडी पट्टी असे, तिच्या खिळ्यांना लांब दोरीने त्या टांगत. वरचा भाग पुढे झुकलेला राही, त्यामुळे खाली पाटावर किंवा सतरंजीवर बसलेल्याला चित्र नीट दिसे. त्या झुकावाने चौकटीमागे हवाही खेळती राही, आणि आपल्या पावसाळ्यात हा फायदा मोठा होता.

दुकानाच्या भिंतीवर पट्ट्यांच्या नमुन्यांचे काटकोनी कोपरे खिळ्यांना लटकवलेले असतात. त्यातला एखादा काढून चित्राच्या कोपऱ्यावर ठेवून पाहायचा. लाकडात सागवान सर्वांत भरवशाचे. पॉलिस्टायरीनची हलकी पट्टी, जिला दुकानात सिंथेटिक म्हणतात, ती स्वस्त असते आणि तिला वाळवी लागत नाही. पण मोठ्या चौकटीत ती मध्ये बाक धरते आणि तिच्यात खिळा घट्ट बसत नाही. पट्टीचा भाव फुटावर असतो. तिची लांबी काढताना गिऱ्हाईक बहुधा चित्राची परिमिती धरतो आणि बिल पाहून चकित होतो. प्रत्येक कोपरा ४५ अंशांत कापला जातो, त्यामुळे परिमितीत पट्टीच्या रुंदीची आठपट मिळवावी लागते. बारा बाय अठरा इंचांच्या चित्राला चहूबाजूंनी दोन इंचांचा माउंट दिला तर आतले माप सोळा बाय बावीस होते, परिमिती ७६ इंच. पट्टी एक इंच रुंद असेल तर ८४ इंच, म्हणजे सात फूट लागते. कापताना वाया जाते ते वेगळे.

काच साधारण दोन मिलिमीटर जाडीची वापरतात. ती कापण्याचे काम पाहत राहावे असे असते. टेबलावर जुने ब्लँकेट अंथरलेले असते. कारागीर हिऱ्याचे किंवा चाकाचे टोक रॉकेलमध्ये बुडवतो, पट्टी धरतो आणि एका दमात रेघ ओढतो. मध्येच हात थांबला किंवा तीच रेघ पुन्हा गिरवली तर काच भलतीकडे तडकते. रेघ बरोबर ओढली गेल्याचे कानाला कळते : एकसारखी कुरकुर ऐकू आली की तो काच टेबलाच्या कडेला आणतो, खालून हलकेच ठोकतो आणि दोन्ही हातांनी खाली दाबतो. तिथे ती सरळ दुभंगते. अ‍ॅक्रिलिकचा पत्रा हलका असतो आणि फुटत नाही, पण त्यावर स्थिर वीज साठते. कोळशाने किंवा पेस्टलने काढलेल्या चित्रावर तो कधीही लावू नये, कारण रंगाचे कण ओढले जाऊन आतून त्याला चिकटतात. कॅनव्हासवरच्या तैलचित्राला काच सहसा लावतच नाहीत.

माउंट म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठ्याचा काठ. तो शोभेसाठी असतो असे सर्रास समजले जाते. त्याचे खरे काम काच आणि कागद यांच्यात अंतर ठेवण्याचे आहे. छायाचित्राच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो मऊ होतो आणि काचेला टेकलेला असेल तर तिला चिकटतो. आजोबांचा एकुलता एक फोटो काचेवरून सोडवताना चेहऱ्याचा पापुद्रा निघालेला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना माउंटच्या पैशांत काटकसर करावीशी वाटणार नाही. असा चिकटलेला फोटो घरी ओढून काढू नये. काचेसकट त्याचे छायाचित्र काढून घ्यावे आणि मूळ फोटो कागदजतनाच्या जाणकाराकडे न्यावा.

जुनी चौकट उघडली की मागे काय काय सापडते, त्यावरून तिचा इतिहास कळतो. वर तपकिरी कागद, त्याखाली गंजलेल्या चुका, मग खोक्याच्या पातळ फळ्या, आणि फळ्या व चित्र यांच्यामध्ये वर्तमानपत्राच्या घड्या. वर्तमानपत्रावर तारीख असते, त्यामुळे तसबीर केव्हा मढवली याचा अंदाज येतो. पण नुकसानही तेच करते. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात लिग्निन राहते, त्यातून आम्ल तयार होते आणि ते शेजारच्या कागदात झिरपते. फळ्यांमधल्या फटींचे आणि लाकडातल्या गाठींचे तपकिरी डाग चित्रावर हुबेहूब उमटलेले दिसतात. साध्या करड्या पुठ्ठ्याचाही असाच त्रास होतो. म्हणून चित्राच्या मागे आम्लरहित पुठ्ठा मागावा. पेठेतल्या दुकानात तो नसेल तर निदान चित्र आणि हार्डबोर्ड यांच्यामध्ये घालायला चांगला आम्लरहित कागद आपण स्वतः नेऊन द्यावा. कारागीर त्याला हरकत घेत नाहीत, उलट काम समजणारे गिऱ्हाईक आले याचा त्यांना आनंद होतो.

चित्र चिकटवण्याबाबत नियम एकच : जे लावले ते पुन्हा सोडवता आले पाहिजे. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत कागदात मुरतो आणि डाग कायमचा राहतो. गव्हाची साधी खळ लावून पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी चित्र वरच्या कडेला टांगावे, खालची बाजू मोकळी ठेवावी. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि त्याला हलायला जागा लागते. एमडीएफवर चित्र कायमचे चिकटवून वर प्लॅस्टिकचा थर देण्याची जी लॅमिनेशनची पद्धत आहे, ती या नियमाच्या पूर्ण विरुद्ध आहे. बाजारातल्या पोस्टरला ती चालते. मूळ छायाचित्र, हस्ताक्षर, मानपत्र किंवा जुनी लग्नपत्रिका लॅमिनेट करणे म्हणजे ती गमावणे होय.

कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांकडून किंवा प्रदर्शनातून घेतलेल्या मुद्राचित्राच्या खालच्या कडेला पेन्सिलीने आवृत्तीचा क्रमांक आणि सही असते. तयार चौकटीच्या मापात बसावे म्हणून ही कड कापून टाकल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्याने चित्राची ओळखच नाहीशी होते. माउंटची खिडकी सही दिसेल इतकी मोठी ठेवायला आधीच सांगावे.

आठवणींच्या वस्तूंसाठी खोल पेटीसारखी चौकट करतात. विरलेल्या पैठणीचा पदर, आजीने मण्यांनी भरलेले सुस्वागतम्, सैन्यातली पदके, तान्ह्या बाळाच्या पावलांचे ठसे अशी कामे येतात. कापड गोंदाने न चिकटवता सुती कापड ताणलेल्या पुठ्ठ्यावर बारीक टाक्यांनी धरावे. रेशमाला उजेड सर्वांत जास्त बाधतो, आणि साधी काच अतिनील किरण पुरेसे अडवत नाही, म्हणून अशी पेटी खिडकीसमोरच्या भिंतीवर नको.

या धंद्यातले सर्वांत नाजूक काम घरात माणूस गेल्यावर येते. तेराव्याच्या आत फोटो हवा असतो, आणि हाताशी असतो तो आधार कार्डावरचा किंवा एखाद्या लग्नातल्या घोळक्यातला. स्टुडिओवाला तो मोठा करतो आणि चौकटवाला हातातली कामे बाजूला सारून संध्याकाळपर्यंत मढवून देतो. अशा वेळी घासाघीस होत नाही, आणि बरेच कारागीर मजुरीही धरत नाहीत. या फोटोवर पुढे वर्षानुवर्षे हार चढतो. ताज्या फुलांचा ओलावा वरच्या कडेतून आत उतरतो आणि कपाळाच्या वर डाग धरू लागतो. काच आणि पट्टी यांमधली वरची फट चिकटपट्टीने आतून बंद करून घेतली तर हे टळते. चौदा एप्रिलच्या आधी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींची, तर शिवजयंतीच्या आधी महाराजांच्या तसबिरींची गर्दी असते. तेव्हा घाईचे काम नेऊ नये.

कोकणात आणि घाटमाथ्यावर भर पावसात तसबीर मढवू नये, कारण आतल्या कागदातला दमटपणा चौकटीतच कोंडला जातो आणि बुरशी धरते. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावले की चौकट भिंतीपासून सुटी राहते आणि भिंतीची ओल तिच्यात उतरत नाही. दर पावसाळ्यानंतर तसबीर उतरवून मागून पाहावी : कसर, वाळवीची माती किंवा फाटलेला तपकिरी कागद दिसला तर लगेच उघडून घ्यावी.

फोटोतली माणसे कोण आणि कुठली, हे बंद करण्यापूर्वी मागच्या पुठ्ठ्यावर मऊ पेन्सिलीने लिहून घ्यावे. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहिले तर त्याचा दाब पुढून उमटतो आणि शाई दमट हवेत पसरते. जुन्या चौकटीमागे मढवणाऱ्या दुकानाची पत्त्यासह चिठ्ठी चिकटवलेली असते. घराणे तेव्हा कोणत्या पेठेत किंवा कोणत्या गावी राहत होते, याचा कधी कधी तेवढाच कागदोपत्री पुरावा उरतो. नव्याने मढवताना ती चिठ्ठी पाकिटात घालून नव्या चौकटीच्या मागे लावून द्यायला कारागिराला सांगावे.