भिंत, शेण आणि कागद

गेल्या महिन्यात घराला रंग द्यायचं काढलं. रंगाच्या दुकानातला माणूस जाडजूड कॅटलॉग घेऊन घरी आला. हॉलची एक भिंत 'वेगळी' करायची, हे घरात आधीच ठरलेलं होतं (म्हणजे मला कळवण्यात आलं होतं). कॅटलॉगात काय नव्हतं! विटांचं टेक्स्चर, गोणपाटाचं टेक्स्चर, गंजलेल्या पत्र्याचं टेक्स्चर. हो, गंज दिसावा म्हणून पैसे द्यायचे. आणि एका पानावर 'मातीची भिंत', तिच्यावर स्टेन्सिलने उमटवलेली वारली माणसं. चौरस फुटाचा दर ऐकून मी गार.

आजीच्या घरी मागच्या पडवीची भिंत खरोखरच शेणामातीची होती. ती पाडून सिमेंटचा गिलावा केला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आजीलाच झाला होता. सारवणं सुटलं! तीच भिंत आता मी डब्यातून विकत आणणार होतो. तर म्हटलं, आधी हिचा इतिहास तरी बघू. दोन शनिवार त्यात गेले.

सुरुवात मात्र डहाणूत नाही, बिहारमध्ये होते. १५ जानेवारी १९३४ ला तिथे मोठा भूकंप झाला. मधुबनीचा इंग्रज अधिकारी विल्यम आर्चर पडझडीची पाहणी करत फिरत होता. घरांच्या भिंती कोसळल्यामुळे आतल्या भिंती उघड्या पडल्या होत्या, आणि त्या चित्रांनी भरलेल्या होत्या. एरवी परक्या पुरुषाला त्या खोल्या दिसणं शक्यच नव्हतं. त्यातली महत्त्वाची खोली म्हणजे कोहबर, नवरा-नवरीची. तिच्या भिंतीवर घरच्या बायका कमळ, बांबू, मासे, पोपट काढत. आर्चरने फोटो काढले आणि १९४९ मध्ये 'मार्ग' या मासिकात लेख लिहिला. पुढे बरीच वर्षं विशेष काही झालं नाही.

मग १९६६-६७ चा दुष्काळ आला. हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकरांनी तिकडे एका चित्रकाराला पाठवलं. तो आपला मुंबईचा माणूस, भास्कर कुलकर्णी. काम साधं: बायकांना कागद द्यायचा, भिंतीवर काढता तेच यावर काढा म्हणायचं, आणि ते विकून घरात दाणे येतील असं बघायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर हे पोर्टिंग. कार्यक्रम तोच, मशीन बदललं. आणि पोर्टिंगमध्ये नेहमी होतं तेच इथेही झालं: जे जुन्या मशीनवर फुकट मिळत होतं, ते नव्यावर मुद्दाम करावं लागलं. भिंतीला पोत होता, सारवणाचा रंग होता. कागद कोरा, गुळगुळीत. म्हणून कागदालाच शेणाच्या पाण्याचा हात द्यायची पद्धत आली. अजूनही मधुबनीतले कितीतरी कागद असे सारवलेले असतात. उलट बांबूच्या काडीऐवजी बोरू-निब हातात आल्यावर गंगादेवींसारख्या बाईने जी बारीक रेघ काढली, ती मातीच्या भिंतीवर उमटलीच नसती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी वारल्यांकडे गेले, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-तलासरीच्या बाजूला. इथली भिंत कारवीच्या काड्यांची. वरून शेणामातीचा लेप, त्यावर गेरू. रंग एकच: तांदळाच्या पिठाचं पांढरं, थोडा डिंक घालून. ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली काडी. लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक लिहीत (काढत नव्हे, 'लिहीत'), मधोमध पालघाट देवी. हा चौक सजावट नव्हताच. त्याच्याशिवाय लग्न लागत नसे. आणि लग्नानंतर कोणी जपतही नसे. धूर, पाऊस, पुढचं सारवण, संपलं.

इथे कागदावर नाव झालं ते मात्र एका पुरुषाचं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांचं. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ ची पद्मश्री. २०१८ मध्ये ते वारले. माणूस थोरच, जाळं ओढणारे कोळी, मुंग्यांची रांग, सगळं पान थरथरतंय असं वाटायला लावणारी त्यांची रेघ बघत राहावी. पण मिथिलेत कागदाने सीतादेवी, गंगादेवींना नाव दिलं, आणि आपल्याकडे मोठी नावं बहुतेक पुरुषांची झाली. चौक लिहिणाऱ्या सुवासिनी भिंतीपाशीच राहिल्या. कागद तोच, नेणारा माणूसही तोच! हे मला अजून टोचतं.

'कागदाने कला मारली' असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. पोट भरलेल्यांनी ते म्हणू नये. आजीला विचारलं असतं, तर तिनेही सारवण्याची पाटी पुढे केली असती.

पण एक गोष्ट वाचली आणि दुसरा शनिवार खराब गेला. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात गंगादेवींनी एका खोलीच्या भिंतींवर अख्खं कोहबर घर रंगवलं होतं. तेव्हा त्यांच्यावर कॅन्सरचे उपचार चालू होते. १९९१ मध्ये त्या गेल्या. म्हणजे कागदावरून जगभर हिंडून आलेली बाई शेवटी भिंतीकडे परतली होती, आणि ही भिंत तरी सरकारी संग्रहालयातली, म्हणजे टिकणारी. २०१५ मध्ये नूतनीकरणाच्या कामात ते कोहबर घर नाहीसं झालं. गावातली भिंत दर वर्षी पुसली जायची, पण पुसणारी पुढच्या लग्नात पुन्हा लिहायची. इथे पुन्हा लिहिणारी नव्हती.

कॅटलॉगवाल्याचा काल परत फोन आला, "सर, वारलीचं पान फायनल करायचं ना?" म्हटलं, स्टेन्सिल नको. सध्या भिंत साध्या गेरूच्या रंगात करून घेतोय. घरात विचारलं, आता यावर काय? बायको म्हणाली, "तांदळाचं पीठ आहे डब्यात. पण मला येत नाही आणि तुला तर नाहीच."