दोन गोरेगाव, दोन संघ : विदर्भाची गोलंदाजी कशी तोलावी?

१. महाराष्ट्रात गोरेगाव नावाची एकाहून अधिक ठिकाणे आहेत. एक मुंबईचे उपनगर; दुसरे राज्याच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. राज्य एक, पण रणजी करंडकात पहिल्या गोरेगावचा संघ मुंबई आणि दुसऱ्याचा विदर्भ. हे संघ समोरासमोर आले की एक वाद हमखास उफाळतो : विदर्भाची गोलंदाजी खरोखर भक्कम, की सोपा गट वाट्याला आल्याने तशी भासणारी? या वादाचा इतिहास पाहू.

२. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला, तेव्हा गोंदियाचा परिसर मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता आणि त्या नावाचा संघही स्पर्धेत खेळत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. १९५७-५८ पासून विदर्भाचा संघ रणजीत उतरला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला.

३. राजकीय नकाशा असा पुनःपुन्हा आखला गेला. क्रिकेटचा नकाशा मात्र जागीच राहिला. म्हणून आजही एका राज्यात तीन संघ आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. त्यांतले पहिले दोन पश्चिम विभागात मोडतात, विदर्भ मध्य विभागात. आपल्या राज्याच्या राजधानीशी नव्हे, तर मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि रेल्वे यांच्याशी विदर्भाचे क्रिकेट जोडले गेले.

४. विभागवार साखळीच्या त्या काळात प्रत्येक संघ प्रथम आपल्याच विभागात खेळे. बाहेरचा प्रतिस्पर्धी भेटे तो बाद फेरीत, आणि तिथवर पोहोचणे विदर्भाला क्वचितच साधले. दुसरीकडे मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ विजेतेपदे मिळवली. दोन संघांची तुलना करायची, तर त्यांची गाठ तरी पडायला हवी. ती फारशी पडतच नव्हती. त्यामुळे मत बनत असे ते लौकिकावरून.

५. २००२-०३ पासून विभागवार रचना जाऊन एलिट आणि प्लेट अशा दोन श्रेणी आल्या. विदर्भाची अनेक वर्षे प्लेटमध्ये गेली. 'प्लेटचे बळी' हे हेटाळणीचे परिमाण तेव्हाचे. पण त्याला पहिला मोठा तडा दिला तो राजस्थानने. २०१०-११ मध्ये प्लेट गटातून आलेल्या या संघाने थेट करंडकच जिंकला. त्याच मोसमात दीपक चहरने १० धावांत ८ बळी घेतले आणि हैदराबादचा डाव २१ धावांत आटोपला.

६. हैदराबादचा तो डाव प्लेट गटातलाच होता. तेवढ्यावरून कोणी राजस्थानला थोर ठरवले असते तर ते घाईचे झाले असते, आणि कोणी त्याला मोडीत काढले असते तर तो तोंडघशी पडला असता. पुढच्या मोसमात राजस्थानने करंडक राखला. श्रेणी कुठली हे महत्त्वाचे असते, पण ती अखेरचा निकाल देत नाही.

७. याच प्रश्नाची दुसरी बाजू २०१८-१९ मध्ये दिसली. त्या वर्षी नऊ संघांचा प्लेट गट भरला. त्यांतले बहुतेक संघ रणजीत नवे होते. बिहारच्या आशुतोष अमनने त्या गटात ८ सामन्यांत ६८ बळी घेतले, सरासरी ६.४८. बिशनसिंग बेदींचा १९७४-७५ मधील ६४ बळींचा विक्रम मोडला गेला. आकडा निर्विवाद होता. त्याच्या वजनावर मात्र वाद झाला.

८. त्या वादाला एक कसोटी लगेच लाभली. प्लेट गटात अव्वल ठरलेल्या उत्तराखंडची उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली विदर्भाशी, नागपुरात. विदर्भाने ६२९ धावा केल्या आणि एक डाव व ११५ धावांनी सामना जिंकला. दरी स्पष्ट दिसली. पण याच सामन्यात उत्तराखंडने पहिल्या डावात ३५५ धावा काढल्या होत्या, हेही नोंदवायला हवे. प्लेटचा संघ म्हणजे चिंध्यांचे बुजगावणे नव्हे.

९. तर मग गोलंदाजी तोलायची कशी? बळींची संख्या पुरेशी नाही, गटाचे नावही पुरेसे नाही. तीन प्रश्न विचारावे लागतात. बळी कोणाचे? मैदान कोणाचे? आणि पाठीशी धावा किती? विदर्भाच्या गेल्या काही मोसमांना हे तीन प्रश्न लावून पाहू.

१०. पहिले विजेतेपद, २०१७-१८. साखळीत विदर्भ 'ड' गटात होता. टीकाकारांचा रोख त्या गटावरच असतो. पण बाद फेरीचे तिन्ही सामने त्रयस्थ मैदानांवर झाले : सुरत, कोलकाता, इंदूर. घरच्या खेळपट्टीचा आधार विदर्भाला एकदाही नव्हता. सुरतेत केरळचा ४१२ धावांनी पराभव झाला. पण खरी परीक्षा पुढे होती.

११. कोलकात्यात उपांत्य फेरीत समोर कर्नाटक. विदर्भ १८५, कर्नाटक ३०१. म्हणजे पहिल्या डावात ११६ धावांची पिछाडी. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ केल्या आणि कर्नाटकाला लक्ष्य मिळाले १९८ धावांचे. रजनीश गुरबाणीने ६८ धावांत ७ बळी घेतले, सामन्यात १२. कर्नाटक १९२ वर बाद. अंतर अवघे ५ धावांचे.

१२. तिसरा प्रश्न इथे कळीचा ठरतो. पाठीशी ५०० धावा असताना घेतलेले ७ बळी आणि १९७ धावा राखताना घेतलेले ७ बळी धावफलकावर सारखेच दिसतात. पहिल्या परिस्थितीत गोलंदाजाला चुकण्याची मुभा असते. दुसऱ्या परिस्थितीत एक सैल षटक सामना घालवू शकते. बचावाची खरी किंमत त्या अंतरात असते.

१३. इंदूरच्या अंतिम सामन्यात गुरबाणीने हॅट्‌ट्रिकसह ५९ धावांत ६ बळी घेतले. रणजीच्या अंतिम सामन्यातील ही केवळ दुसरी हॅट्‌ट्रिक. पहिली तमिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरम यांची, १९७२-७३ मधील. दिल्ली २९५, विदर्भ ५४७, दिल्ली २८०. विदर्भाने ९ गडी राखून विजय मिळवला आणि सहा दशकांनंतर पहिल्यांदा करंडक नागपूरला आला.

१४. पुढच्या मोसमात वायनाडला, केरळच्याच मैदानावर, उमेश यादवने ७/४८ आणि ५/३१ अशी कामगिरी केली. केरळचे डाव १०६ आणि ९१ धावांत संपले. अंतिम सामना नागपुरात होता. सौराष्ट्रासमोर लक्ष्य २०६ धावांचे. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला १ व ० वर बाद केले. सौराष्ट्र १२७ वर बाद. 'बळी कोणाचे?' या प्रश्नाला याहून चोख उत्तर कोणते?

१५. आता उलट पुरावा. २०२३-२४ चा अंतिम सामना, वानखेडे. विदर्भाने मुंबईला २२४ वर रोखले, पण स्वतः १०५ वर बाद झाला. दुसऱ्या डावात मुंबईने ४१८ धावा केल्या. त्यांत मुशीर खानच्या १३६. पाठीशी धावा नसताना त्याच गोलंदाजांना मुंबई आवरली नाही. लक्ष्य ५३८, विदर्भ ३६८. १६९ धावांनी पराभव आणि मुंबईचे ४२ वे विजेतेपद.

१६. या पराभवाचे दोन सोपे अर्थ काढता येतात. 'मोठा संघ भेटला आणि पितळ उघडे पडले', हा एक. 'फलंदाजांनी दगा दिला, गोलंदाज निर्दोष', हा दुसरा. दोन्ही अपुरे आहेत. २२४ वर रोखणे हे गोलंदाजांचे यश होते. ४१८ देणे हे त्यांचेही अपयश होते. एकाच सामन्यात दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

१७. वर्षभराने, २०२४-२५ च्या उपांत्य फेरीत, तेच दोन संघ नागपुरात भेटले. पहिल्या डावात पार्थ रेखाडेने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना बाद केले. दुसऱ्या डावात हर्ष दुबेने ५ बळी टिपले. लक्ष्य ४०६, मुंबई ३२५. विदर्भ ८० धावांनी विजयी. केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसरा करंडक जिंकला.

१८. त्या मोसमात हर्ष दुबेने १० सामन्यांत ६९ बळी घेतले आणि अमनचा विक्रम एका बळीने मागे टाकला. सरासरी १६.९८, म्हणजे अमनच्या अडीचपटीहून अधिक. निव्वळ आकड्यांवर विसंबणारा अमनला वरचढ म्हणेल. पण दुबेच्या बळींत तमिळनाडू, मुंबई आणि केरळ यांच्याविरुद्धचे बाद फेरीतील बळी आहेत. मात्र ते तिन्ही सामने नागपुरात झाले, हेही विदर्भाच्या चाहत्याने मान्य करायला हवे. दुसरा प्रश्न स्वतःच्या संघालाही लागू होतो.

१९. आणखी एक गोष्ट या वादात विसरली जाते. पहिल्या दोन विजेतेपदांच्या वेळी विदर्भाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि अनुभवी फलंदाज वसीम जाफर, दोघेही मुंबईच्या क्रिकेटात घडलेले. ज्या लौकिकाला विदर्भाने आव्हान दिले, त्याच शाळेतील विद्या त्याला उपयोगी पडली. तरी मारा मुख्यतः घरचाच होता : उमेश यादव, गुरबाणी, सरवटे आणि नंतर दुबे.

२०. विदर्भात 'अनुशेष' हा शब्द सिंचन, रस्ते आणि नोकऱ्यांच्या संदर्भात पिढ्यान्‌पिढ्या ऐकला जातो. त्यामुळे क्रिकेटमधील कौतुकाची कंजुषीही त्याच खात्यावर मांडली जाते. ही वेदना समजण्याजोगी आहे; पण वेदना हा पुरावा नव्हे, आणि ४२ विजेतेपदांचा वारसा हाही आजच्या गोलंदाजीविषयीचा पुरावा नव्हे.

२१. पुरावा आहे तो कोलकात्याच्या ५ धावांत, वायनाडच्या ९१ धावांत, आणि वानखेडेवरच्या ४१८ धावांतही. हे तिन्ही आकडे एकत्र ठेवले तर निष्कर्ष असा निघतो : विदर्भाची गोलंदाजी सोप्या गटाची देणगी नाही, कारण गटाबाहेर, घराबाहेर आणि थोड्या धावांच्या आधारावर ती टिकली आहे, आणि ती अभेद्यही नाही. दोन्ही गोरेगावांतल्या चाहत्यांना हा निष्कर्ष थोडा थोडा कमीच वाटेल. पण उपलब्ध पुराव्याला धरून एवढेच म्हणता येते, आणि तेवढे म्हणणे विदर्भाच्या गोलंदाजांच्या सन्मानाला पुरेसे आहे.