छोट्या साहाय्यित निवासगृहांच्या दायित्व विम्याचा प्रश्न : अमेरिकेतील अनुभवाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
दैनंदिन व्यवहारात मदत लागते, परंतु शुश्रूषागृहात दाखल होण्याइतकी प्रकृती ढासळलेली नसते, अशा वृद्धांसाठी अमेरिकेत जी निवासव्यवस्था विकसित झाली तिला ‘असिस्टेड लिव्हिंग’ असे म्हणतात. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी केरन ब्राउन विल्सन यांनी पोर्टलंड (ओरेगॉन) येथे उभारलेले ‘पार्क प्लेस’ हे तिचे आद्य उदाहरण मानले जाते. मोठ्या संकुलांच्या जोडीला, साध्या घरात पाच-सहा वृद्धांना सांभाळणारी छोटी गृहेही या व्यवस्थेत मोडतात. दायित्व विम्याच्या खर्चाने ही गृहे का अडचणीत आली, आणि उपायांची किंमत कोणी मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकटाचा उगम :
१९९० च्या दशकात फ्लोरिडातील कायद्यानुसार, हक्कभंग झालेल्या निवाशाला थेट नुकसानभरपाईचा दावा करता येई आणि तो जिंकल्यास वकिलाचे शुल्कही प्रतिवादीकडून मिळे. दाव्यांची संख्या वाढली. स्टीव्हन्सन व स्टडर्ट यांनी २००३ मध्ये ‘हेल्थ अफेअर्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शुश्रूषागृहांवरील दाव्यांची सरासरी भरपाई सुमारे ४,०६,००० डॉलर आढळली, निम्म्याहून अधिक दावे फ्लोरिडा व टेक्सास या दोनच राज्यांतील होते. याच सुमारास गुंतवणुकीवरील घटते उत्पन्न आणि ११ सप्टेंबर २००१ नंतर महागलेला पुनर्विमा यांमुळे विमा कंपन्यांनी हात आखडता घेतला. शुश्रूषागृहांसाठी उसळलेल्या या लाटेची झळ साहाय्यित निवासगृहांनाही लागली.

छोट्या गृहांची कोंडी :
विमापत्राचा किमान हप्ता हा खाटांच्या संख्येच्या प्रमाणात कमी होत नाही. उदाहरणादाखल, किमान हप्ता १२,००० डॉलर मानल्यास साठ खाटांच्या संकुलात तो प्रतिखाट २०० डॉलर पडतो. सहा खाटांच्या घरात मात्र २,००० डॉलर. शिवाय एकच दावा लहान संस्थेची सारी मालमत्ता गिळू शकतो. ज्या गृहांतील निवासी शासकीय साहाय्यावर अवलंबून असतात, त्यांना हा भार शुल्कवाढ करून वसूल करणेही शक्य नसते.

शासकीय उपाय :
फ्लोरिडाने २००१ मध्ये वकिलांच्या शुल्काची तरतूद आणि दंडात्मक भरपाई यांवर निर्बंध घातले, तसेच शुश्रूषागृहांना दायित्व विमा सक्तीचा केला. साहाय्यित निवासगृहांनाही तेथे विमा सदैव चालू ठेवावा लागतो. परंतु कायदा रक्कम ठरवत नाही. परिणामी नाममात्र रकमेच्या विमापत्राने कायद्याचे पालन होते, मात्र पीडित वृद्धाच्या पदरी फारसे काही पडत नाही. टेक्सासने २००३ मध्ये वेदना व मनस्तापाच्या भरपाईवर मर्यादा आणली. तिच्या कक्षेत साहाय्यित निवासगृहेही आली. वृद्ध कमावता नसल्याने त्याचे आर्थिक नुकसान अल्प असते. म्हणून अशा मर्यादेचा आघात त्याच्याच दाव्यावर सर्वाधिक होतो.

कॅलिफोर्नियाने उलट दिशा धरली. कॅस्ट्रो व्हॅली येथील एका गृहात २०१३ मध्ये निवाशांना वाऱ्यावर सोडल्याची घटना गाजली. त्यानंतरच्या वर्षी संमत झालेल्या कायद्याने १ जुलै २०१५ पासून प्रत्येक घटनेमागे किमान १० लाख व एकूण ३० लाख डॉलरचा विमा बंधनकारक झाला. येथील बहुसंख्य गृहे सहा वा त्याहून कमी खाटांची आहेत. तरी किमान रक्कम सर्वांना सारखीच लागू झाली.

निष्कर्ष :
विमा स्वस्त करण्यासाठी हक्क आकुंचित केले तर वृद्ध असुरक्षित होतो. हक्क शाबूत ठेवून विमा सक्तीचा केला तर छोट्या गृहाचा पाया डळमळतो. १९८६ च्या संघीय कायद्याने समव्यावसायिकांना एकत्र येऊन परस्परांचा दायित्व विमा उतरवण्याची मुभा दिली होती. परंतु अशा गटासाठी लागणारे भांडवल छोट्या चालकांपाशी क्वचितच असते. त्यामुळे आरंभीच्या भांडवलाला शासनाने हातभार लावणे, हाच या इतिहासातून सूचित होणारा मार्ग दिसतो. अन्यथा घरपण जपणारी छोटी गृहे बंद पडून वृद्धांपुढे केवळ मोठ्या संकुलांचा पर्याय उरेल.