सरळ होणाऱ्या कोपराचे बळ

१/ ६ जानेवारी १८३२. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. जगभर तो लोखंडी हातछापयंत्रांचा काळ होता.

२/ लंडनच्या कोप यांनी १८२० च्या सुमारास घडवलेल्या ‘अल्बियन’ यंत्रात स्क्रूऐवजी कोपरासारखा सांधा होता. दांडा ओढताच तो सरळ होई आणि पाटा कागदावर दाबला जाई.

३/ दोन समान भुजा. सांध्यावर आडवे बल. दाब = बल ÷ (२ × टॅन कोन). सरळ रेषेपासून भुजेचा कोन ५° असता दाब बलाच्या ५.७ पट, १° असता २८.६ पट!

४/ किंमत सरकेची. ३० सेंमीच्या भुजांना ५° वर उरते २.३ मिमी, १° वर अवघी ०.०९. कागदामागचे अस्तर तेवढे पातळ पडले, तरी छाप फिका. आजच्या हायड्रॉलिक टॉगल प्रेसचेही गणित हेच.