‘कस्टमर केअरमधून बोलतोय’ : अशा फोनपासून घरची कमाई कशी वाचवाल?

समजा, दुपारची वेळ आहे. पिशोरमधल्या एका घरात अब्बू शेतावर, मुलं शाळेत आणि मोबाईल अम्मीच्या हातात. फोन येतो : “तुमच्या मोबाईलमध्ये व्हायरस शिरलाय. आज दुरुस्त केला नाही तर बँकेचं खातं बंद पडेल. मी कस्टमर केअरमधून बोलतोय, फक्त एक अ‍ॅप टाकून घ्या.” माणूस अदबीने बोलतो, नावही बरोबर घेतो. थोड्याच वेळात कापसाचे आलेले पैसे, मुलीच्या लग्नासाठी किंवा हजसाठी जमवलेली रक्कम, सगळं खात्यातून निघून जातं.

हे उदाहरण काल्पनिक असलं तरी फसवणुकीची पद्धत हीच आहे. ती घरातल्या प्रत्येकाला कळावी म्हणून ही माहिती देत आहोत.

फसवणूक कशी होते?

याचे तीन प्रकार आहेत. पहिला, वर सांगितल्याप्रमाणे समोरून फोन येतो. दुसरा, कॉम्प्युटरवर काही पाहताना अचानक स्क्रीन अडकते, भोंगा वाजतो आणि “या नंबरवर फोन करा” असा इशारा दिसतो. तिसऱ्या प्रकारात आपणच फसायला जातो. रिचार्ज अडकला, पैसे कटले, म्हणून आपण गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो आणि तिथे ठगाने टाकलेला खोटा नंबर लागतो.

पुढची चाल मात्र एकच असते. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट यांसारखं अ‍ॅप टाकायला सांगतात आणि त्यावर दिसणारा कोड विचारतात. ही अ‍ॅप खोटी नाहीत. दूर बसून कॉम्प्युटर दुरुस्त करण्यासाठीच ती बनवली आहेत. पण कोड सांगितला आणि परवानगी दिली की आपली स्क्रीन त्या माणसाला दिसू लागते. मग ओटीपी तोंडाने सांगायची गरजच उरत नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं.

फक्त अडाणी माणूसच फसतो, असं समजू नका. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे टाकले. तिथे बसलेली तरुण मुलं अमेरिकेत फोन लावून “आम्ही कर खात्यातून बोलतोय” अशी भीती घालत आणि पैसे उकळत. शिकली-सवरलेली माणसंही त्यात अडकली. म्हणजे हत्यार एकच : भीती आणि घाई.

यातून आपल्या मुलांसाठीही एक धडा आहे. कॉल सेंटरची नोकरी घेताना काम नेमकं काय, हे आधी विचारा. कमिशनच्या लोभाने आपलं बँक खातं कोणाला वापरायला देऊ नका. त्यात चोरीचा पैसा फिरला तर खातं गोठतं आणि पोलीस आधी खातेदाराच्याच दारात येतात.

लक्षात ठेवायच्या गोष्टी

• फोन त्याने केला असेल तर ठेवून द्या. शंका वाटलीच तर पासबुकावरचा किंवा एटीएम कार्डामागचा नंबर पाहून आपण स्वतः फोन करा. बाकी सगळं विसरलात तरी एवढं विसरू नका.
• पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार.
• मायक्रोसॉफ्ट कंपनी स्वतःहून फोन करून कोणाचा कॉम्प्युटर दुरुस्त करत नाही. तिच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबरही नसतो.
• व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एपीके’ फाईल आली, मग ती योजनेच्या नावाने असो की लग्नपत्रिकेच्या, उघडू नका.
• मोबाईल खरंच बिघडला असेल तर ओळखीच्या दुकानात न्या.

फसलोच तर काय करायचं?

आधी मोबाईलचा डेटा आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि कार्ड थांबवा. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनवर फोन करा. पैसा ठगांच्या एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतो. तो बाहेर काढला जाण्याआधी तक्रार पोहोचली तर मध्येच रोखता येतो. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. पिशोर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या कोणत्याही ठाण्यात जाता येतं. मेसेज, कॉलची नोंद, व्यवहाराचा नंबर काहीही पुसू नका. सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवा. शेवटी ते अ‍ॅप काढून टाका आणि सगळे पिन, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

घाई का करायची, याचं आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः पिन किंवा पासवर्ड सांगितल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं. चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

घरात बोला

बऱ्याच घरांत पैसे गेल्यावर माणूस लाजेने गप्प बसतो. “मुलं काय म्हणतील, भाऊ सौदीत राबून पैसे पाठवतो, त्याला काय तोंड दाखवू?” या विचारात रात्र जाते आणि पैसा रोखायची वेळही निघून जाते. म्हणून मुलांना आणि सुनांना आमची विनंती आहे : अम्मी-अब्बूंना रागावू नका. “असा फोन आला तर आधी मला सांगा, फसलात तरी आधी मला सांगा” एवढं आजच त्यांना सांगून ठेवा. आणि १९३० हा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये स्वतःच्या हाताने सेव्ह करून द्या.