नव्या गाडीचे लिंबू

दसरा जवळ आला की आमच्या बारामती-इंदापूरच्या बाजारात झेंडूबरोबर लिंबांचाही भाव चढतो. नवी गाडी दारात आली म्हणजे तिला हार घालायचा, कुंकवाचे स्वस्तिक काढायचे, नारळ वाढवायचा आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवून गाडी हळूच पुढे घ्यायची, असा आमचा रिवाज. लिंबू चिरडले की इडापिडा टळली! बैलगाड्या गेल्या, जीपा आल्या, आता विजेवर चालणाऱ्या गाड्याही आल्या. लिंबू मात्र आपल्या जागी कायम आहे.

गंमत अशी की, सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत याच लिंबाला अगदी उलटा अर्थ आहे. जी गाडी नवी कोरी असूनही पुन:पुन्हा बिघडते, तिलाच तिकडचे लोक ‘लिंबू’ म्हणतात. आणि अशी गाडी गळ्यात पडलेल्या माणसाला सोडवणाऱ्या कायद्याला ‘लिंबू कायदा’. आपण लिंबू चाकाखाली घालतो, तर तिकडे लिंबूच दारात येऊन उभे राहते!

हे सारे मला आठवले ते माझ्या एका स्नेह्यामुळे. इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत ते शिक्षक आहेत. थोडे भविष्यनिर्वाह निधीतले, थोडे उसाच्या बिलाचे आणि उरलेले बँकेच्या कर्जाचे, असे पैसे जमवून त्यांनी दसऱ्याला गाडी घेतली. तिसऱ्याच आठवड्यात लासुर्ण्याच्या पुढे गाडी रस्त्यात बंद पडली. मागे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. अर्ध्या तासाने गाडी आपोआप सुरू झाली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, “गुरुजी, गाडीत काही दोष नाही.” चार महिन्यांत असे पाच वेळा झाले. एकदा बॅटरीची तार बदलली, एकदा पेट्रोलचा पंप, एकदा आणखी काही. धाकट्या मुलीची परीक्षा बारामतीला होती, त्या दिवशीही गाडीने दगा दिला आणि पोर उसाच्या ट्रॅक्टरवर बसून परीक्षेला गेली.

शेजारीपाजारी म्हणू लागले, मुहूर्त चुकला असेल. सर्व्हिस सेंटरातला पोरगा म्हणाला, चालवणाराचा हात नवा आहे. शेवटी गुरुजींनाच वाटू लागले की चूक आपलीच. एका संध्याकाळी ओट्यावर बसून ते मला म्हणाले, “पैसे माझे गेले, वेळ माझा गेला, पोरीची परीक्षा जाता जाता राहिली. मग त्या काउंटरपुढं चोरासारखा मीच का उभा राहतो हो?”

वाचकहो, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर शोधायला जगाला काही दशके लागली, आणि त्या उत्तराचा एक धागा आमच्या इंदापूर तालुक्यातूनच जातो.

आमच्या आजोबा-पणजोबांना हा प्रश्न पडत नसे. बैलगाडीचे चाक गावच्या सुताराने केलेले असे, त्यावरची धाव लोहाराने चढवलेली असे, आणि दोघांचेही बलुते खळ्यावरच मोजले जाई. आरा निखळला तर गाडी सुताराच्या दारात जाऊन उभी राही. करणारा आणि वापरणारा एकाच पाणवठ्यावर पाणी भरीत. तिथे हमीचा कागद कशाला हवा? सुताराची अब्रू हीच हमी. यंत्र आले आणि करणारा दूर गेला. मध्ये विकणारा आला, त्याच्या हातात छापील कागद आला. घोटाळ्याचे मूळ इथे आहे.

आता तो धागा. नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर आमचा हा मुलूख ऊस पिकवू लागला आणि १९३० च्या दशकात सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा केला. तेच आजचे वालचंदनगर. पण शेठजींचे मन साखरेवर थांबणारे नव्हते. आगबोटी, विमाने आणि मोटारी या देशातच झाल्या पाहिजेत, हा त्यांचा ध्यास. सर विश्वेश्वरय्यांनीही मोटार कारखान्यासाठी पुष्कळ खटपट केली होती. अखेर १९४४ साली वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने जुळवलेल्या मोटारी बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ ही त्यांची नावे. पुढे १९५० च्या दशकात तिथेच फियाट तयार होऊ लागली. १९५३ साली शेठजी निवर्तले; त्यांची मोटार मात्र मराठी घराच्या अंगणात येऊन पोहोचली.

यातले प्लिमथ हे नाव ध्यानात ठेवा. कारण ज्या खटल्याने नव्या गाडीच्या हमीचा अर्थ बदलला, तो एका प्लिमथ मोटारीचाच होता.

१९५५ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एका गृहस्थांनी मातृदिनाची भेट म्हणून पत्नीसाठी नवी प्लिमथ घेतली. दहा दिवस झाले होते, गाडी पाचशे मैलसुद्धा चालली नव्हती. बाई एकट्या गाडी चालवीत होत्या. पुढून मोठा आवाज झाला, काहीतरी तुटल्यासारखे वाटले, हातातले चाक गर्रकन फिरले आणि गाडी रस्ता सोडून विटांच्या भिंतीवर आदळली. पुढच्या भागाचा इतका चुराडा झाला की नेमके काय तुटले, ते सांगायलाही काही उरले नाही.

गृहस्थांनी खरेदीच्या कागदावर सही केली होती. त्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत हमी छापलेली होती: नव्वद दिवस किंवा चार हजार मैल, यांपैकी जे आधी होईल तोवर सदोष भाग बदलून मिळेल, याखेरीज कसलीही जबाबदारी आमच्यावर नाही. दुसरीकडे जावे, तर तिथेही तीच हमी, कारण मोटार कारखानदारांच्या संघाने सर्वांसाठी एकच मसुदा केला होता. १९६० साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ग्राहकाला बोलायला जागाच नसलेल्या अशा कागदाआड कारखानदाराला लपता येणार नाही. गाडी बाजारात आणली, म्हणजे ती चालण्याजोगी आहे ही हमी आपोआप आलीच. आणि ती ज्याने पैसे मोजले त्याच्यापुरती नाही, त्याच्या बायकोलाही आहे.

त्याआधी १९१६ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने अशीच एक भिंत पाडली होती. ब्यूक मोटारीच्या लाकडी चाकाचे आरे मोडून मालक जखमी झाला. कंपनी म्हणाली, आम्ही गाडी विक्रेत्याला विकली, या गृहस्थाला नव्हे. शिवाय चाकही दुसऱ्याच कारखान्यातले. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी ते ऐकले नाही. वस्तू निष्काळजीपणे केली तर धोका कोणाला होणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याने काळजी घेतलीच पाहिजे, असे त्यांच्या निकालाचे सार. थोडक्यात, सुताराची अब्रू न्यायालयाने कारखान्यालाही लागू केली.

आपल्याकडे काय होते? १९३० चा माल विक्रीचा कायदा. ‘घेणाऱ्याने पारखून घ्यावे’ या जुन्या इंग्रजी वचनाची त्यावर छाया आहे. मालाच्या दर्जाबद्दल न बोललेली हमी धरता येत नाही, असे सोळावे कलम आरंभीच बजावते आणि मग अपवाद सांगत बसते. अपवाद ग्राहकाच्या उपयोगाचे खरे. पण ते सिद्ध करायला दिवाणी दावा लावायचा, कोर्ट फी भरायची, वकील द्यायचा आणि तारखा मोजायच्या. एवढ्यात गाडी भंगारात जायची!

त्यातच आपला काळ टंचाईचा. १९५९ पासून मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर सरकारी नियंत्रण आले. देशात मोटारी करणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि फियाटसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. ज्याला गाडी मिळते तोच भाग्यवान, तिथे तक्रार कोण करणार? दरवाजा नीट लागत नाही, पाणी तापते, तर दोन टोले हाणून आणि पाण्याचा डबा बरोबर ठेवून माणसे महाबळेश्वर चढत. दोष सोसण्याचीच आपल्याला सवय झाली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि निवड करता येते हे कळले. तरी ती सवय अजून पुरती सुटलेली नाही. माझे स्नेही चोरासारखे उभे राहतात, ते या सवयीमुळे.

या सवयीविरुद्ध पहिला मोठा आवाज उठला तो आमच्याच पुणे जिल्ह्यात. दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. त्या संग्रामातले त्यांचे सहकारी, आपले लाडके गायक-संगीतकार सुधीर फडके, या चळवळीतही त्यांच्याबरोबर होते. ‘बाबूजीं’च्या सुरांवर आपण दिवाळीची पहाट साजरी करतो, वजन-मापे आणि भाव यांची चौकशी करणाऱ्या चळवळीतही ते होते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

असे प्रयत्न देशभर झाले आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक मंच आले. आरंभी तर फीसुद्धा नव्हती. वकील न देता स्वत: उभे राहता येते. दोष दूर करा, वस्तू बदलून द्या, पैसे परत करा, नुकसान भरून द्या, असे सांगण्याचा अधिकार मंचाला मिळाला.

तरी वारंवार बिघडणाऱ्या गाडीचा तिढा सहज सुटला नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे एक प्रकरण आले. खाली ‘गाडीच बदलून द्या’ असा हुकूम झाला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, हमीपत्रात सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलण्याचे वचन आहे, अख्खी गाडी बदलण्याचे नाही. मात्र २०१० च्या अखेरीस दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, स्वतंत्र तज्ज्ञाने गाडी तपासावी आणि दोष मुळातच कारखान्यातला निघाला, तर ग्राहकाचे पैसे व्याजासह परत द्यावेत. म्हणजे सारा प्रश्न एकाच ठिकाणी येऊन ठेपतो: पाच वेळा पाच वेगळे भाग बिघडले, की एकच मूळ दोष पाच वेळा डोके वर काढतो आहे?

अमेरिकेने याला सरळ हिशेबी उत्तर शोधले. १९८२ साली कनेक्टिकट राज्याने पहिला ‘लिंबू कायदा’ केला. ठरलेल्या मुदतीत तोच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी एकूण तीस दिवस गॅरेजात पडून राहिली, की ते लिंबू समजावे. आपल्याकडे असा आकडे घालून दिलेला निराळा कायदा नाही. पण २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. ग्राहक जिथे राहतो, त्या जिल्ह्यातही आता तक्रार देता येते. पूर्वी विकणाऱ्याचा वा कारखानदाराचा पत्ता शोधत जावे लागे, किंवा कारण जिथे घडले तिथे. तक्रारीसाठी मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि त्यापुढे दहा लाखांपर्यंत २०० रुपये. बारामतीच्या मोठ्या हॉटेलात चौघांच्या जेवणाला याहून जास्त पडतात!

हा सगळा इतिहास मी गुरुजींना सांगितला आणि विचारले, “पाच वेळा गाडी दिलीत, त्याचे कागद कुठे आहेत?” वहिनी आतून रेशनकार्डाचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. पाचही जॉबकार्डे त्यांनी जपून ठेवली होती. पण वाचून पाहतो तो काय! चारांवर नुसते ‘सर्व्हिसिंग केले’. गाडी चालता चालता बंद पडते, हे फक्त एकावर. गुरुजींनी तक्रार दर वेळी तोंडी केली होती आणि समोरच्याने लिहिले होते त्याच्या सोयीचे. जन्मभर मुलांना ‘उत्तर लिहून काढा’ म्हणणारा शिक्षक स्वत:चे उत्तर लिहून घ्यायला विसरला होता.

पुढच्या खेपेला त्यांनी सही करण्यापूर्वी आपल्या शब्दांत दोष लिहायला लावला. तारखा, किलोमीटर, गाडी गॅरेजात किती दिवस राहिली, याचा तक्ता केला आणि कंपनीच्या मुख्य कचेरीला स्पीड पोस्टाने पाठवला. पत्रात राग नव्हता, हिशेब होता. पंधरवड्यात कंपनीचा इंजिनियर आला. एप्रिलच्या उन्हात तो गुरुजींच्या शेजारी बसून बारामती-इंदापूर रस्त्यावर हिंडला आणि निमगाव केतकीजवळ गाडी त्याच्या देखत बंद पडली. “दोष आमचा आहे, गुरुजी,” तो म्हणाला. तापल्यावर सुटणारा तारांचा एक सांधा निघाला. सगळी वायरिंग बदलली आणि हमीची मुदत लेखी वाढवून मिळाली. आयोगाची पायरी चढावी लागली नाही.

गाडी आता नीट चालते. पण गुरुजींच्या तोंडून ऐकले ते मला जास्त मोलाचे वाटले. ते म्हणाले, “गाडी सुधारली हे खरंच. पण तो माणूस ‘दोष आमचा’ म्हणाला ना, त्या रात्री मला चार महिन्यांनी झोप लागली.”

यंदाही दसऱ्याला आणि पाडव्याला आपल्यापैकी कितीतरी घरांत नवी गाडी आली असेल, येईल. तिला हार घाला, पेढे वाटा, चाकांखाली लिंबू ठेवा. आनंदाला कायदा आडवा येत नाही. फक्त जॉबकार्डांसाठी घरात एक पत्र्याचा डबा तेवढा राखून ठेवा, आणि त्याची किल्ली वहिनींच्या हाती असू द्या.