कामगार कादंबरी का वाचतो?

लोकप्रिय कादंबरी म्हणजे वेळ घालवण्याचे साधन, असे विद्वान म्हणतात. श्रोतेहो, कष्टकऱ्यापाशी घालवायला वेळ होता कुठे? १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्याचा आठवडा ५४ तासांचा होता, १९४८ च्या कायद्यात ४८ तासांचा. हे सहा तास कोणी दान दिले नव्हते.

पुढची वीस वर्षे मराठी कादंबरीच्या बहराची. कोल्हापूरवासी खांडेकरांची ‘ययाति’ आणि वाटेगावच्या अण्णा भाऊंची ‘फकिरा’ एकाच वर्षी, १९५९ मध्ये आल्या. १९६२ साली कोवाडच्या रणजित देसाईंची ‘स्वामी’, १९६७ साली आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’. दोन पौराणिक, एक बंडखोराची, एक पेशवाईची. टीकाकारांनी यांचे कप्पे पाडले. वाचकाने पाडले नाहीत. सूतपुत्र म्हणून हिणवलेला कर्ण आणि भुकेल्यांसाठी लूट करणारा फकिरा हे त्याला एकाच पंगतीतले वाटतात, कारण दोघांनाही जन्मावरून तोलले गेले. मुकादमाच्या तोंडून जात ऐकलेल्या माणसाला हे नाते कोणी शिकवावे लागत नाही. (‘ययाति’ मात्र या पंगतीत बसत नाही; तिथे दुःख आहे ते भरल्या पोटाचे.)

आणि बाबूराव अर्नाळकर? हजारावर रहस्यकथा! तिथे ना जात, ना इतिहास. गुन्हेगार मात्र शेवटच्या पानापर्यंत हटकून सापडतो. ज्याचा बडतर्फीचा दावा कामगार न्यायालयात वर्षानुवर्षे तारखा खात पडला आहे, तो त्या पानासाठी रात्र जागवतो.